मध्यंतरानंतर

माझ्या नवऱ्याचं उजवं अंग लुळं पडून वर्ष उलटलं होतं, तेव्हा मी पहिल्यांदा बॅले बघायला गेले. सोलापुरातच, आमच्या नेहमीच्या नाट्यगृहात. पुण्याहून हैदराबादला निघालेली एक परदेशी मंडळी रविवारी संध्याकाळी इथं एक प्रयोग करणार होती. शाळेतल्या संगीताच्या बाईंकडे दोन पास होते. त्या म्हणाल्या, "चला हो. शाळा, घर आणि औषधाचं दुकान सोडून वर्षभरात कुठं दिसलात का तुम्ही?"

मी नाहीच म्हणणार होते. पण माझी मोठी नणंद, आक्का, तेव्हा दुधनीहून आमच्याकडे राहायला आली होती. भाकरी थापता थापता तिनं ऐकलं.

"जा की तू. मी हाय न्हवं हितं?"

"आक्का, त्यांना उठवायचं, बसवायचं... तुम्हाला एकटीला नाही जमायचं."

"न्हाय जमायला काय झालं? कडंवर घिऊन गावभर फिरवलंय मी त्याला. मोठा झाला म्हणून काय परका झाला व्हय?"

ह्यांना विचारलं. आजारानंतर ह्यांच्या तोंडून एकेकच शब्द येतो, तोही जड होऊन. म्हणाले, "जा." रागानं म्हणाले की मनापासून, कळलं नाही. कळून घ्यायचा मी फारसा प्रयत्नही केला नाही. कपाटातली इरकल साडी काढली. नेसून आरशात बघितलं आणि उगीच ओशाळले, लग्नाला निघाल्यासारखी दिसत होते.

टीव्हीवर कधीतरी ओझरता पाहिलेला बॅले म्हणजे हवेत तरंगणारी गुळगुळीत माणसं. इथं आम्ही अगदी पुढच्या रांगेत होतो, आणि पहिल्याच उडीला मी दचकले. पाय फळ्यांवर आपटल्याचा धप्प आवाज आला. मुली चवड्यांवर उभ्या राहून पळायच्या तेव्हा बुटांची टकटक ऐकू यायची. संगीत हळू झालं की त्यांचे श्वाससुद्धा. एकीच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि चेहरा मात्र हसरा. गोष्ट मला धड कळत नव्हती. कुणाचं तरी लग्न ठरत होतं, मोडत होतं. मागं बसलेले एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "बोलत न्हाईत गं हे, नुस्तं नाचत्यात."

मग एक पुरुष त्या मुलीला उचलायला आला. उचलायच्या आधी तो गुडघ्यांत वाकला. मी खुर्चीत पुढं सरकले. ह्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना मीही तशीच वाकते. फिजिओथेरपीच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी दटावलं होतं, कमरेतून उचलाल तर तुम्हीच अंथरूण धराल. त्या माणसानं तिला डोक्याच्या वर नेलं आणि ती तिथं हात पसरून राहिली. पुन्हा उचललं तेव्हा लक्षात आलं, तो एकटा उचलत नव्हता. तो वाकला की त्याच क्षणी तीही उडी घेत होती. आणि माझ्या मनात आलं, हे का नाही थोडा जोर लावत? डावा पाय तर चांगला आहे. रोज सगळा भार माझ्यावरच का?

भर अंधारात कुणीतरी मला बघितल्यासारखं झालं. तरी डोळे रंगमंचावरून हलले नाहीत. किती महिन्यांनी मी औषधाची वेळ विसरले होते. मी सुखात होते.

मध्यंतरात पर्समधून फोन काढला. आक्काचे मिस्ड कॉल. बाहेर येऊन लावला.

"काय झालं आक्का?"

"काय न्हाय गं. झालं का तुझं बघून?"

"अर्धं झालंय. ते कसे आहेत?"

"बरा हाय. पडलाय."

"म्हणजे झोपलेत?"

"व्हय. तू बघ तुझं."

आक्का फोनवर बोलते तेव्हा फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी तिचा आवाज बारीक होता. मला ते कळलं होतं. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. तेवढ्यात घंटा झाली, बाई म्हणाल्या, "चला, सुरू होतंय," आणि मी आत गेले.

दुसरा भाग मी पूर्ण पाहिला. शेवटी सगळ्यांबरोबर उभी राहून तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

घरी आले तर आक्का मोरीत चादर धूत होती. ह्यांना खुर्चीत बसवायला गेली आणि दोघंही खाली आली होती. ह्यांच्या कपाळावर टेंगूळ, कपडे खराब झालेले. तिला उचलता येईना, ह्यांना बोलता येईना. शेजारी कुलूप. आधी मला फोन केले, मी उचलले नाहीत. शेजारचे बाहेरून परत येईपर्यंत बहीण-भाऊ तसेच फरशीवर बसून होते.

"मला उचलवलं न्हाय गं त्याला," आक्का म्हणाली आणि चादर हातात धरूनच रडायला लागली. "सांगणार हुते तुला. पर तू किती दिसांनी भाईर पडली हुतीस..."

मी तिला जवळ घेतलं. "तुमची काही चूक नाही," म्हणाले. माझी आहे, हे मात्र जिभेवर आलं नाही.

आत गेले. ह्यांनी माझ्या साडीकडे बघितलं. म्हणाले, "सांग."

"काही नाही हो. नुसत्या उड्या. कंटाळाच आला."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग भिंतीकडे तोंड केलं. पूर्वी नाटक बघून आलो की आम्ही दोघं दोन-दोन दिवस त्यावर भांडायचो. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं नसेल असं कसं म्हणू?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. मार वरवरचा होता. पण मला त्यांच्या पडण्याइतकंच माझं ते 'कंटाळाच आला' टोचत राहिलं. माझ्या ज्या सुखापायी त्यांनी ती संध्याकाळ फरशीवर काढली, ते मी त्यांच्यासमोर कवडीमोल करून टाकलं होतं.

आठवडाभरानं, आक्का दुधनीला परतल्यावर, एका सकाळी त्यांची दाढी करताना मी बोलायला लागले. पायांचा धप्प आवाज, मानेवरचा घाम, मागच्या गृहस्थांचं ते बोलणं. चेहऱ्याच्या चांगल्या बाजूनं ते हसले. त्या मुलीला कसं उचललं तेही सांगितलं. तेव्हा माझ्या मनात काय आलं होतं, तेवढं सोडून. मध्यंतरापाशी येऊन मी गप्प झाले.

"पुढं?" ते म्हणाले.

मी रेझर पाण्यात बुडवला आणि पुढचंही सांगितलं, आक्काच्या फोनसकट आणि फाटकाबाहेरच्या रिक्षासकट. सांगताना त्यांच्या कपाळाकडे बघणं मात्र मला जमलं नाही.