हाक नका मारू

परळच्या बागेत मी माझ्या चार वर्षांच्या मुलीचे फोटो काढत होतो. "चिऊ, इकडे बघ!" असं ओरडलो की ती खेळ थांबवून नुसते दात दाखवायची.

रोज बाकावर एकटे बसणारे एक आजोबा म्हणाले, "हाक नका मारू हो. खाली बसा, तिला खेळू द्या."

मी गुडघ्यांवर बसलो. घसरगुंडीवरून खिदळत येणारी चिऊ पहिल्यांदाच फोटोत सापडली.

आजोबांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "माझी नात कॅनडात असते. व्हिडिओ कॉलवर सोफ्यावर बसून हसते. ती धावते कशी, मला ठाऊकच नाही."

मी चिऊला म्हटलं, "आजोबांना धावून दाखव."

ती सुटली ती थेट झोपाळ्यापर्यंत. आजोबा हात हलवत राहिले. तिने मागे वळून पाहिलं नाही.