उलट्या चेहऱ्याचा पैसा

नाणी जमवायला वर्षं लागतात. नाणी जमवणाऱ्यांचे किस्से मात्र रविवारचा एक चहा झाला की जमतात. बेसा भागात ठवकर सरांच्या फ्लॅटवर आम्ही पाच-सहा जण बसतो. सर फिजिक्सचे रिटायर्ड मास्तर. आम्हाला नाद इंग्रजांच्या काळातल्या चुकलेल्या नाण्यांचा. ठसा सरकलेला, दोनदा उमटलेला, असलं काही. टाकसाळीची चूक जितकी मोठी, तितका नाण्याला मान. त्यामुळे मुद्दाम चुका करून देणारे कारागीर आता गल्लोगल्ली झालेत. कोणी नाणं काढलं की आमच्या मनात पहिला प्रश्न एकच: हे कोणी बनवलं?

पहिला फटका मलाच बसला. मधोमध भोक असलेला जुना पैसा तुम्ही पाहिला असेल. मला बाजारात बिनभोकाचा मिळाला. भोक पाडायचंच राहून गेलेला! रुमालात गुंडाळून सरांकडे नेला. सरांनी भिंगसुद्धा घेतलं नाही, सरळ माझ्या गरम चहात टाकला. थोड्या वेळाने चमच्याने काढला, तर मधोमध भोक. लाख भरून वरून रंग दिला होता.

सर म्हणाले, "चहा दुसरा घ्या."

आमच्यातला घोडमारे घड्याळं दुरुस्त करतो. त्याने दोन्ही बाजूंना राजाचा चेहरा असलेला पाव आणा आणला. कुठून, ते सांगेना. सरांनी फरशीवर टाकला. खणकन वाजायच्या ऐवजी थप्प वाजला. कडेला बारीक सांध निघाली. दोन नाणी अर्धी घासून चिकटवलेली. घोडमारेने सांध पाहिली, मग सरांकडे पाहिलं.

"मी देलं होतं ते हेच आहे, कायच्यावरून?"

तेव्हापासून तो नाणं दुसऱ्याच्या हातात देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढतो.

एकदा सरांचा राणीछाप रुपया टेबलावरून गायब झाला. सरांनी उठून दार हळूच लावून घेतलं. मग मीच खिसे उलटे केले, म्हणून सगळ्यांनी केले. तेवढ्यात काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, कप न्यायला आल्या, आणि घोडमारेच्या चिकट बशीखालून रुपया खाली पडला. सॉरी कोणीच म्हटलं नाही. पुढच्या रविवारी घोडमारे बिनखिशाचा झब्बा घालून आला.

पारशिवनीला एका काकाजींकडे दोनदा ठसा उमटलेलं नाणं असल्याचं कळलं. सर आणि मी गेलो. काकाजींनी आम्हाला अंगणातच थांबवलं, स्वतः खिडकीच्या गजाआड उभे राहिले आणि नाणं चिमट्यात धरून दाखवलं. हात लावायचा नाही, एवढंच बोलले. सरांनी गजांतून भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि अस्सल आहे म्हणून सांगितलं. काकाजींनी खिडकीच लावून घेतली.

आणि मागच्या उन्हाळ्यात भिवापूरहून कमलाबाई आल्या. मिरचीचे देठ खुडायच्या कामावर जाणाऱ्या. कडी लावून काळ्या दोऱ्यात ओवलेला एक पैसा, आईच्या गळ्यातला. आई गेल्यावर तेवढाच त्यांच्याकडे उरला होता, आणि एक व्यापारी तो तीनदा मागून गेला होता. तो काहून मागतो, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला तोच चेहरा उलटा, आत खचलेला. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं की पुढच्यावर असा ठसा येतो. फार क्वचित. लोक शिकंज्यात दाबूनही तसं बनवतात, पण मग समोरचा चेहरा चपटा होतो. मी सरांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. समोरच्या चेहऱ्याची एक रेघही दबलेली नव्हती.

सर खूप वेळ पाहत राहिले. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "दाबून बनवलेला आहे, बाई. खोटा आहे."

घोडमारे खिडकीबाहेर पाहत होता. मी चहात चमचा फिरवत राहिलो.

कमलाबाईंनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या मिटलेल्या मुठीकडे.

"खोटा आहे म्हन्ता, मंग वापस काहून देऊन नाही राह्यले?"