बेणं कुणाच्या रानातलं

तर मानसिंगनं गाडीची किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "अक्का, गुरुवारी बारामतीला जायचं न्हाय. केमो थांबवायची." काल नेमका इथंच चहा आला आणि गोष्ट अडकली.

ठमाबाई ही मानसिंगची थोरली बहीण. दिली गावातल्या गावात, लासुर्ण्यातच, त्यामुळं माहेर बांधापलीकडं. नवरा गेल्यावर चार एकर ऊस तिनं एकटीनं सांभाळला. छातीत गाठ निघाली, दोन केमो झाल्या, डोक्यावरचे केस गेले, तरी बांधावर उभी राहून पाणी देणाऱ्याच्या चुका काढायची. तिसरी केमो गुरुवारी होती आणि गाडी एकट्या मानसिंगकडं.

त्याचा बहिणीवर भारी जीव. म्हणून तर घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज त्यानं चारदा वाचला होता. एकवीस दिवस कारल्याचा रस घ्या, गाठ विरघळते, केमो मात्र थांबवा.

"भाचीनं पाठवलंय, अक्का. घरचं माणूस खोटं कशाला सांगंल?"

ठमाबाई शेंगा फोडत होती. "खोटं कुठं म्हणतीय मी? उसाचं बेणं कसं घेतोस तू?"

"ज्या रानातलं, तितला उभा प्लॉट बघून."

"सख्ख्या मेव्हण्याचं असलं तर?"

"तरीबी बघून. एकदा न बघता आणलं, निम्मं उगवलंच न्हाय."

"मग? डॉक्टरचा प्लॉट मी बघितलाय. तितं तपासायला येती ती जयवंता, माझ्यासारखीच गाठ, केमो घिऊन सा वर्सं झाली, अजून खुरपाय जाती. तुझ्या रसाचा प्लॉट तू बघून ये. बुधवारपत्तूर."

मानसिंग निघाला. पहिला मुक्काम जळोची, भाची सुप्रियाकडं, म्हणजे धाकट्या बहिणीच्या लेकीकडं. "मामा, मला विजयदादानं पाठवलं. केमो थांबवायचं तेवढं मी घातलं. दोन औषधं एकदम नकोत म्हणून."

तिथनं इंदापूर. पुतण्या विजयसिंह दुकानात बसला होता. "तात्या, मुळात ते पोटाचं औषध. पोट साफ तर गाठबी साफ, एवढी ओळ माझी." त्यानं मोबाईलवरचे मेसेज मागं मागं सरकवले. मूळ मेसेजवर फोटो होता. स्टीलचा पेला, खाली पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची पेटी, झाकणाला पिवळी वायर गुंडाळलेली.

मानसिंगनं चष्मा पुसला. ती वायर त्यानंच गुंडाळली होती. गेल्या पौषात रस पिऊन फोटोही त्यानंच काढला होता आणि गावभर पाठवून विसरूनही गेला होता.

गुरुवारी सकाळी सातला गाडी ठमाबाईच्या दारात उभी. मानसिंग स्टिअरिंगकडं बघत बोलला, "अक्का, प्लॉट घावला. माझाच निघाला. पोटासाठी लिवलं व्हतं मी."

ठमाबाई फाईल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली, दार ओढून घेतलं आणि म्हणाली,

"चल आता, उशीर हुतोय. आन् जाताजाता खरं सांग, पोट तरी साफ झालं व्हतं का तुझं, का ते बी कुणीतरी पाठवल्यालंच व्हतं?"