डाव्या हाताची भिंत

स्टेडियमभोवतीच्या बागेत सगळे एकाच दिशेनं फिरायचे, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे, मैदान उजव्या हाताला ठेवून. आम्ही दोघंच उलटे. हौस नव्हती ती. पॅरालिसिसच्या झटक्यानं ह्यांची उजवी बाजू लुळी पडली. बाग आणि मैदान यांच्यामध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती, तिच्यावर डावा हात टेकूनच ह्यांना चालता यायचं. भिंत डावीकडे हवी, म्हणजे उलटं जाणं आलंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालणं सुटलं की पाय गेला. काठीचा विषय काढला की हे ताटावरून उठायचे. माझा हात धरा म्हटलं, तर चारचौघांत कसं दिसतं ते, म्हणायचे. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी ह्यांना चारचौघांचीच काळजी. मग पुढे हे, बाजूला भिंत आणि मागून मी.

फाटकाशी भाजी विकणाऱ्या मावशींना हे अजिबात पटत नव्हतं. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "बाई, तुमी चर्चात जानारी मानसं, तुमच्यात चालत आसंल. पन परदक्षिना आशी उलटी घालू न्हाई." मध्ये देव नाही, क्रिकेटचं पिच आहे, असं मी म्हणाले. तेव्हापासून कोथिंबीर देताना त्यांचा हात आखडायला लागला.

मग नवीन स्टेडियम होणार असल्याचं कळलं. मोठी गॅलरी, दिव्यांचे खांब, गाड्यांना जागा. बागेचा बराच भाग त्यात जाणार होता. मी घरभर चिडचिड केली. तुमच्या पायाचं काय, असं ह्यांनाच विचारलं. हे मात्र खूश. जवळच भिंगारला नोकरीत होते तेव्हा रविवारी याच मैदानावर अंपायर म्हणून उभे राहायचे. पोरांनी दगडगोट्यांत किती दिवस खेळायचं, होऊ दे चांगलं, म्हणाले. ज्याच्यासाठी भांडायचं तोच पलीकडच्या बाजूला. आता रागवावं कोणावर, हेच मला समजेना.

एक दिवस भिंत पाडली आणि तिथे पत्र्यांचं कुंपण आलं. संपलं चालणं, असं मी धरून चालले होते. ह्यांनी डाव्या हाताला रुमाल गुंडाळला आणि पत्र्याला हात लावून निघाले. पत्रा खडखडायचा, आतले मजूर दचकून वर डोकावायचे, आणि हे त्यांना विचारायचे, गॅलरी कुठवर आली? मला फटीतून तोडलेल्या कडुलिंबांचे बुंधे दिसायचे. ह्यांना त्याच फटीतून नवं पिच दिसायचं. मला एकाच वेळी वाईट वाटायचं आणि हसूही यायचं.

बागेचं पुढे काय करायचं, हे ठरवायला नागरिकांची बैठक बोलावली. मी गेले. पडद्यावर मोठं चित्र होतं. हिरवळीतून माणसं चालली होती, सगळी ताठ, हात मोकळे सोडून. तुम्हाला काय हवं ते सांगा, असं तिथले साहेब म्हणाले. मला भिंत हवी होती. पण जिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या होत्या, जिच्या सावलीत कुत्री झोपायची, ती भिंत परत बांधा असं उभं राहून कसं सांगायचं? आधीची माणसं पक्ष्यांविषयी, मुलांच्या फुप्फुसांविषयी किती छान बोलली होती. माझी पाळी आली आणि तोंडातून निघालं, "झाडं लावा." टाळ्या पडल्या. खाली बसले तरी माझ्यातून हे कोण बोललं, ते मला कळलं नव्हतं.

आता सगळं तयार आहे. बाग लहान झाली, पण चांगली झाली, खोटं कशाला बोलू. गुळगुळीत रस्ता, दिवे, आणि खरोखरच झाडं, बांबूंना बांधलेली. मैदानाला उंच जाळी, तिच्यापुढे रुंद फुलांचे वाफे. टेकायला कुठेच काही नाही. बाग मोकळी दिसावी, अशी बऱ्याच जणांची सूचना होती म्हणे.

पहिल्या दिवशी हे फाटकातून आत आले आणि डावा हात पुढे करून थांबले. हात बरोबर भिंतीच्या उंचीवर होता. लोक बाजूनं जात होते. मी त्यांच्या डावीकडे जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं हात माझ्या खांद्यावर आला. चारचौघांचं नाव त्यांनी काढलं नाही. खरं तर आता कुठल्याही दिशेनं जाता आलं असतं. पण हे सवयीनं उलटेच वळले आणि मीही वळले.

इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांचा हात एवढा जड आहे हे मला माहीत नव्हतं. भिंतीला धरून हे तीन फेऱ्या मारायचे. आता पहिली फेरी संपतानाच माझे गुडघे बोलायला लागतात. सांगितलं तर हे उद्यापासून घराबाहेर पडणार नाहीत, मी ओळखते ह्यांना. नाही सांगितलं आणि एका फेरीतच परत फिरवलं तर स्वतःचीच ताकद कमी झाली असं समजतील. दोन्हींतलं बरं कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज एक फेरी झाली आणि मी फाटकाकडे वळले. ह्यांनी मागे वळून बागेतल्या रस्त्याकडे पाहिलं.

"दमलो का गं मी?"

"हो," मी म्हटलं, "दमलात."