टोकाला माणूस हवा

आमच्या गावाकडे उन्हाळ्यात कवेलू फेरतात. म्हणजे छपरावरची कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची आणि धड राहिलेली परत नीट लावायची. पावसाआधी हे झालं नाही तर मग घरात जागोजाग भगुणी मांडून बसा. ज्या उन्हाळ्यात आम्ही नागपूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो, त्या उन्हाळ्यात माझ्या दिरांचा दर आठ-पंधरा दिवसांनी फोन यायचा आणि प्रश्न एकच असायचा.

"वैनी, तुमच्या दोन खोल्यांचे कवेलू फेरू का नको, ते सांगा. तुम्ही राहाले येणार असान तं फेरतो. नाई तं मी तिथं कुटार भरतो."

कुटार म्हणजे जनावरांसाठी ठेवतात तो तुरी-हरभऱ्याचा भुसा. माझं उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होतं, की भरा बापा कुटार. पण उत्तर मी देऊन भागणार नव्हतं. ते आमच्या ह्यांनी द्यायचं होतं, आणि हे म्हणायचे, बघू.

हे सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत इंजिनवर होते. रेल्वेचं इंजिन नव्हे बरं का. खाणीच्या तोंडाशी मोठं चाक असतं, त्यावरून तारेचा जाड दोर खाली सोडलेला असतो, दोराला लोखंडी पिंजरा, आणि पिंजऱ्यात माणसं. ती माणसं खाली सोडायची आणि पाळी संपली की वर आणायची, हे यांचं काम. उभी नोकरी तेच केलं. सगळा कारभार घंटीवर. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे खाली सोड. तीन म्हणजे पिंजऱ्यात माणसं बसली आहेत, जपून. तीन आल्या की यांनीही तीन द्यायच्या, म्हणजे तिकडच्याला समजतं की ऐकलं. त्याच्यानंतरच दोर हलायचा. लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाक करताना माझ्या हातून वाटी-झाकणी आपटली तरी हे मान वर करून मोजायचे. मला वाटे, काय माणूस मिळाला.

मग रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेलेली. मी म्हटलं, आता नागपूर. जन्मभर तुमच्या नोकरीच्या गावी राहिले, आता माझ्या मनाच्या गावी राहू. यांचं मन गावच्या दोन खोल्यांत. शेवटी असं ठरलं की एक उन्हाळा इथे काढून बघायचा. जमलं तर राहायचं, नाही जमलं तर पावसाआधी गावाला. मी ताबडतोब हो म्हटलं. एवढ्या दिवसांत मी या माणसाला पक्का नागपूरकर करून टाकीन, असा माझा माझ्यावर भरवसा होता. अजूनही आहे.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर. बिल्डिंग जरा जुनी, त्यामुळे लिफ्टही जुनी. जाळीची दोन दारं, दोन्ही सरकवून नीट लावली तरच चालते. पहिल्या दिवशी सामान लिफ्टने आलं, मी लिफ्टने आले, आणि हे जिन्याने आले. मला वाटलं, हौस असेल. दुसऱ्या दिवशीही जिना. त्यानंतर दूध आणायला जिना, केस कापायला जिना. गुडघा आधीच दुखरा. वर येऊन खुर्चीत बसले की माठातलं पाणी देईपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे.

"काहून हो, लिफ्ट चावते का तुम्हाले?" मी एकदा विचारलंच.

"बटन दाबलं, ठीक," हे म्हणाले. "पण तिकडे आयकते कोण?"

मी हसले. हे हसले नाहीत, तेव्हा मी पण हसू आवरलं. याला भीती म्हणू नका. ज्याने जन्मभर दोराच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या माणसांचा जीव सांभाळला, त्याला असं बिनमाणसाचं टोक कसं पटावं? पण समजलं म्हणून काय झालं. गुडघा तर त्यांचा त्यांनाच वाहायचा होता.

त्यामुळे आमच्या फिरण्याची तऱ्हाच वेगळी झाली. नागपूरचे शहाणे लोक उन्हाळ्यात संध्याकाळी बाहेर पडतात. ह्यांचं असं, की दिवसातून एकदाच उतरायचं आणि एकदाच चढायचं. दुपारी ऊन तापल्यावर चढवत नसे, म्हणून सकाळी खाली उतरलं की ऊन उतरेपर्यंत वर यायचं नाही. मी लिफ्टने खाली जाऊन गेटजवळच्या बाकावर बसायची. हे कठड्याला धरून धरून यायचे. मग दोघांनी डोक्याला पांढरे दुपट्टे गुंडाळायचे, लू लागू नये म्हणून एकेक कांदा जवळ ठेवायचा, आणि निघायचं. भर उन्हात कुठे जाणार? जिथे गारवा तिथे.

सगळ्यात पहिले मेट्रोत गेलो. तिथे बॅग मशीनमधून जाते. माझी पिशवी गेली आणि तिथली पोलीस बाई म्हणाली, मावशी, उघडा. तिने कांदा बाहेर काढून हातात फिरवला. तोवर यांनीही विचारण्याआधीच खिशातला आपला कांदा काढून तिच्यासमोर ठेवला, पाकिटासारखा. मागे रांग खोळंबलेली. ती बाई म्हणाली, ठेवा जवळ, पण आत कापू नका. आजही मेट्रोत बसलं की मला तेच आठवतं.

डब्यात थंडगार. मी खिडकी धरली, पण हे बसायला तयार नाहीत. पार पुढच्या डब्यापर्यंत चालत गेले, बंद दारापाशी उभे राहिले. शेवटच्या स्टेशनावर गाडी रिकामी झाली तेव्हा पुढच्या दारातून चालवणारी मुलगी उतरली, हातात पाण्याची बाटली, आणि प्लॅटफॉर्मवरून चालत गाडीच्या दुसऱ्या टोकाला गेली. हे तिच्याकडे बघतच राहिले. परतीच्या गाडीत माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "माणूस हाये." त्यानंतर मेट्रोत बिनघोर बसून झोपाही काढल्या त्यांनी. हे मी मनात नीट ठेवून दिलं.

दीक्षाभूमीला तर मी यांना किती वेळा नेलं. माझे वडील तरुणपणी भाकरी बांधून पायी इथे आले होते, धम्मदीक्षा झाली त्या वर्षी. मी लहानपणापासून येते, पण नेहमी मोठ्या दिवशी, त्या अफाट गर्दीत. गर्दीत माणूस पुढच्याची पाठ बघतो, जागा बघत नाही. त्या उन्हाळ्यात एका साध्या दुपारी आम्ही दोघं आत जाऊन बसलो. वर एवढा मोठा घुमट, बाहेर जाळ, आत गार फरशी, आणि कुणी म्हणत नाही, चला, पुढे चला. मी वडिलांना मनातल्या मनात म्हटलं, बाबा, तुम्ही चालत आला होता, मी आता इथे राहायलाच आले. नागपूर मला कशासाठी हवं होतं ते यांना मी कधी समजावून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. संध्याकाळी घरी निघताना रिक्षात यांनीच पत्ता सांगितला, आणि बिल्डिंगचं नाव न घेता म्हणाले, आमच्या घरी.

असं सगळं बरं चाललं होतं. शेजारी एक सिंधी बाई, माहेर जरीपटक्याचं. तिने मला तिथला बाजार दाखवला, मी तिला आमच्याकडचं झणझणीत वडाभात खाऊ घातला. फुटाळा तलावावर संध्याकाळी भाजलेलं कणीस झालं, उसाचा रस झाला. मी दिवस माझ्या बाजूने मोजत होते. आणि बुद्धपौर्णिमा आली.

त्या दिवशी मी मोठा गंज भरून खीर केली, बिल्डिंगमध्ये आणि गल्लीत वाटायला. गंज जड. मी म्हटलं, लिफ्टने नेते. हे म्हणाले, खीर आहे, मी नेतो. दोन्ही हातांत गंज, म्हणजे कठडा धरायला हात नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघा फिरला. मी पोचले तेव्हा हे पायरीवर बसलेले होते, गंज मांडीवर, खिरीचा एक थेंब सांडलेला नाही, आणि तोंड पांढरं पडलेलं.

"फोन लाव त्याले," हे म्हणाले. "कवेलू फेराले सांग."

मी गंज घेतला. खीर वाटायची होती, ती वाटली. लोकांनी वाट्या चाटूनपुसून परत दिल्या. फोन मात्र लावला नाही. उद्या लावू म्हटलं. यांच्या गुडघ्याला हळदीचा लेप लावताना माझ्या डोक्यात ती मेट्रोची मुलगी चालत होती, बाटली घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे.

दोन दिवस विश्रांती झाली. तिसऱ्या सकाळी मी यांना दारापाशी उभं केलं आणि म्हटलं, ऐका. आज मी लिफ्टने आधी खाली जाते. मग तुम्ही लिफ्ट वर बोलवा, आत उभे राहा, दोन्ही दारं लावा, आणि जाळीवर किल्लीने तीन ठोके द्या. मी खालून तीन देईन. ते ऐकू आले नाहीत तर बाहेर निघा. आले तर उभे राहा, मी बटण दाबते. परत येताना मी आधी वर जाईन.

हे माझ्याकडे बघत राहिले. "तुले आयकू येईन?"

"आजवर दुसरं काय केलं मी?"

खाली गेले. माझ्या हातात पोळ्या उलथायचा सराटा होता, घाईत तसाच आला होता. वरून किल्लीचे ठोके आले, एक, दोन, तीन, लिफ्टच्या भुयारातून घुमत. वॉचमन दचकून उभा राहिला. मी सराट्याने जाळीवर तीन दिले आणि बटण दाबलं. तार हलली. खालची जाळी उघडून हे बाहेर आले तेव्हा केसांवरून हात फिरवत होते, जसे पाळी संपवून घरी यायचे तसे.

त्यानंतर आमचं हे रोजचंच झालं. बिल्डिंगमधली पोरं आम्हाला बघून टिफिनवर चमचे वाजवायची. वाजवू दे. आता आम्ही शहाण्यांसारखे संध्याकाळी फिरू लागलो. कधी कधी तर दिवसातून दोनदाही.

पण एक परीक्षा बाकी होती. मे महिना सरत आला होता, सगळ्या घरांतले कूलर, एसी घरघरत होते, आणि लाइन रोज दगा द्यायची. एका संध्याकाळी आम्ही फिरून आलो. गेटवरच्या गाडीवरून यांनी दोन कुल्फ्या घेतल्या. ठरल्याप्रमाणे मी आधी वर गेले. तीन आले, तीन दिले, बटण दाबलं. लिफ्ट निघाली, आणि लाइन गेली. सगळे कूलर एकदम गप्प.

मी घाबरले असं म्हणणार नाही. मला एकच सुचलं. मी जाळीवर एक ठोका दिला. एक म्हणजे थांब. खालून लगेच एक ठोका आला. मी भराभर जिना उतरले. लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली होती. दुसऱ्या मजल्यावरून जाळीतून वर बघितलं तर मला फक्त यांच्या चपला आणि धोतराचा काठ दिसला. मग हे हळूच खाली बसले आणि जाळीजवळ तोंड आणलं. मला वाटलं, आता म्हणतील, चल गावाला.

"कुल्फी पघळून राहिली," हे म्हणाले, आणि माझी कुल्फी काडीकडून जाळीतून बाहेर काढून दिली.

मी पायरीवर बसले. ते आत, मी बाहेर, आणि कुल्फी मनगटावरून वाहते आहे. शेजारची सिंधी बाई मोबाइलचा उजेड घेऊन उतरत आली, थबकली, आणि विचारलं, "आंटी, अंकल लिफ्ट में क्या कर रहे हैं?" यांनीच आतून उत्तर दिलं, "कुल्फी खा रहे हैं. तुम्हारे लिए नहीं है." ती हसत हसत जाळीतून हाताच्या पंख्याने यांना वारा घालू लागली.

ती वॉचमनला बघायला खाली गेली तेव्हा मी हळूच विचारलं, भीती वाटते का.

"एक घंटी देली ना तू," हे म्हणाले. "थांबाची असली की एकच देतात. बरोबर देली." मग म्हणाले, "तू एकटी जाते तवा काय करतो मालूम आहे? जाळीवर हात ठेवून उभा राहतो. तार हालते थोपर्यंत."

हे मला माहीतच नव्हतं. मी जाते तेव्हा माझी पाठ असते ना त्यांच्याकडे. मी कुल्फीची काडी पदराला पुसली आणि जाळीपाशी सरकून बसले.

लाइन आली. मी वर गेले. तीन आले, तीन दिले, बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांचा फोन. मी पोहे परतत होते, तर्रीचा वास घरभर. मी हात पुसेपर्यंत फोन यांनी उचलला. पलीकडून तोच प्रश्न असणार, मजूर आता मिळतो, मग मिळणार नाही, वगैरे. मी गॅस बारीक केला.

"भर गा कुटार," हे म्हणाले. मग बराच वेळ पाऊसपाणी, म्हशी, कुणाचं लग्न, असं बोलत राहिले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, तर्री आज जरा जास्त टाक, आणि संध्याकाळी कुठं जायचं ते आधी सांग, म्हणजे किल्ली खिशात ठेवतो.