देवदर्शनाची रजा

गोव्याला कॅसिनोत जायचंय असं बायकोने सांगितलं तेव्हा मी दाढी करत होतो. अशा वेळी गाल कापला जातो म्हणतात, माझा कापला नाही. मी दाढी पूर्ण केली, ब्रश धुतला आणि विचारलं, "कशात?"

"कॅसिनोत. पणजीला नदीत मोठ्या बोटी असतात. तिकीट काढायचं, आत जायचं, पत्ते खेळायचे, जेवायचं आणि परत यायचं. आमच्या ऑफिसातल्या मॅडमचा मुलगा जाऊन आलाय."

मी मोखाड्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, पन्नाशी ओलांडलेला. ती तिथेच एका सरकारी कचेरीत लिपिक. मुलीचं लग्न झालं, ती नाशिकला. आम्ही दोघांनीच असा प्रवास केला होता तो नाशिकच्या दवाखान्यापर्यंत, आणि एकदा पालघरला, तेही एकाच बसमधून दोघांच्या दोन वेगळ्या ट्रेनिंगना. फिरायला म्हणून घराबाहेर पडलेलं जोडपं आमच्या ओळखीत फारसं नव्हतं. माणसं लग्नाला, मयताला नाहीतर देवाला जातात.

"हे अचानक कुठून काढलंस?" मी विचारलं.

"अचानक नाही," ती म्हणाली आणि डबा भरायला आत गेली.

अचानक नाही हे मलाही ठाऊक होतं. तिचं माहेर जव्हारजवळच्या खेड्यातलं. श्रावणात शेतीची कामं उरकली की त्या घरात पत्ते निघायचे आणि गोकुळाष्टमीपर्यंत चालायचे. वडिलांनी तिला आठव्या वर्षी खेळायला बसवलं. कुठलं पान पडलं, कुणाच्या हातात काय असेल, हे तिला न सांगता कळायचं. लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्ही शाळेशेजारच्या खोल्यांमध्ये राहायचो. एकदा गोपाळकाल्याच्या सुट्टीच्या दुपारी आमच्या ओसरीवर मुख्याध्यापक आणि दोन शिक्षक पत्ते घेऊन बसले होते. तीन पत्ती, पण चिंचोक्यांवर. चौथा गडी कमी होता, मला पत्ते येत नाहीत, म्हणून ती बसली. तासाभरात मुख्याध्यापकांसमोरचे सगळे चिंचोके तिच्या ओच्यात जमा झाले. शेवटच्या डावाला बाकीचे दोघे मांड्या थोपटून हसले. मुख्याध्यापकांनी पानं खाली ठेवली, चपला घातल्या आणि काही न बोलता निघून गेले.

माझा गोपनीय अहवाल तेच लिहीत असत. मी बाकीच्यांना निरोप दिला, दार लावून घेतलं आणि तिला सांगितलं, "यापुढे पत्त्यांना हात लावायचा नाही. माझी नोकरी आहे."

ती "बरं" म्हणाली. त्याला वीस-बावीस वर्षं झाली आणि ते "बरं" तिने एकदाही मोडलं नाही. अष्टमीला माहेरी गेली तरी खेळणाऱ्यांना चहा द्यायची, घटकाभर कुणाच्या तरी मागे उभी राहायची आणि कप गोळा करून निघून जायची. मी ते दर वर्षी पाहत होतो.

तर तिला काय हवं होतं ते सरळ होतं. मरायच्या आधी एकदा चारचौघांत, उजेडात, टेबलाशी बसून खेळायचं होतं. जिथे मुख्याध्यापक नाहीत, सासर नाही, माझी नोकरी नाही, अशी जागा तिला नदीतल्या बोटीवर सापडली होती. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं हे त्याचं खरं कारण.

मग ठरवाठरवी सुरू झाली. मॅडमच्या मुलाने फोनवर सांगितलं की आधारकार्ड लागतं, साडी चालते, पण पुरुषांना चपलेत आत सोडत नाहीत. माझ्याकडे बूट नव्हते. आयुष्यभर सॅंडलवर नोकरी केली, मुलीच्या लग्नातही सॅंडलच. जव्हारला ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या केंद्रात जाऊन गाडीची तिकिटं काढली. जव्हारहून एसटीने ठाणे, तिथून कोकणची गाडी. तिने हे सगळं ऑफिसच्या वहीत असतं तसं मांडून एका कागदावर लिहिलं आणि तो कागद फ्रिजवर लावला. शेवटची ओळ होती, "बोट." बस, एवढंच.

घोळ मी केला. रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी घ्यावी लागते. तिथे पेन अडलं. कॅसिनो लिहिणं शक्य नव्हतं. पर्यटन लिहावं तर लोक म्हणणार, गुरुजींना चांगलेच दिवस आले. मी लिहिलं, "सहकुटुंब देवदर्शन, गोवा." या कारणाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी घरी आलो आणि तिलाही सांगितलं.

मोखाड्यात बातमीला जीप लागत नाही. देवाला जाणाऱ्या माणसाच्या हाती आपलं काहीतरी पाठवायचं ही आपली रीतच. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी खण-नारळ घेऊन आल्या, देवीची ओटी भरा म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या एका बाईंनी हिरव्या बांगड्या आणि नारळ दिला. एकाला मुलाच्या परीक्षेसाठी अंगारा हवा होता. एकाने नुसतं सांगितलं, माझ्या वतीने दोन मिनिटं जास्त उभे राहा. ते जुने मुख्याध्यापक निवृत्त होऊन जव्हारला राहतात, त्यांनीसुद्धा जीपवाल्याच्या हाती नारळ पाठवला. आठवडाभरात आमच्या कॉटखाली नारळांचं दुकान झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको एकेक नारळावर ज्याचं त्याचं नाव खडूने लिहून ठेवत होती. मला त्यात गंमत वाटत होती.

रविवारी सकाळी शाळेत खिचडी शिजवणारी बाई आली. पाड्यावरून चालत आली होती. पायऱ्यांवरच थांबली आणि फडक्यात बांधलेली नवी नागली, म्हणजे नाचणी, बायकोच्या हातात दिली.

"तुमी देवीला चाललं ना," ती म्हणाली, "तं ही तिचे पायाशी ठेवजा. माजे पोरीचं बाळतपण वीटभट्टीवर झालं. लय अवघड होतं. दोघं जगली. मी तवाच बोलले होते, पयली नागली देवीला."

चहाला थांबली नाही. अंगणातूनच देवीला म्हणून हात जोडले, म्हणजे आम्हा दोघांच्या दिशेने, आणि निघाली.

बायकोने ते गाठोडं आत नेऊन फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "राहू द्या जाणं."

"का? देवळातही जाऊ की. आहेतच तिथे देवळं."

"जाऊ. मग ती सहल देवीची झाली. आणि खेळायचं ते देवीच्या आडून, चोरून. चोरून खेळायचं असतं तर इथेही खेळले असते."

मला हायसं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं खरं. बूट नकोत, बोट नको, कुणाला काही सांगायला नको. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ते हायसं वाटणं तिला दिसलं, कारण माझा चेहरा पहिल्यापासून तिच्यासमोर उघड्या पानासारखा आहे. तिने फ्रिजवरचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि डाळ धुवायला लागली. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. इतक्या वर्षांनी वाटली, पण नीट वाटली.

सोमवारी शाळेत गेलो तो सरळ खिचडीच्या शेडमध्ये. त्या बाईला सगळं सांगितलं. आम्ही देवीला म्हणून सांगितलं ते खोटं, खरं तर पत्ते खेळायला चाललो होतो, आणि खेळणार मी नाही, बायको.

"बाई खेळतात?" तिने पळी थांबवून विचारलं.

"खूप चांगलं खेळते. मीच बंद केलं होतं."

तिने पळी पुन्हा फिरवली. "मंग देवळाचे वाटंनं बोट नाय का?" ती म्हणाली. "नागली ठेवजा आनि मंग खेळजा. आदी खेळून मंग ठेवली तरी देवी काय उठून जाते?"

तिथून हिंमत वाढली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर घरून मुख्याध्यापकांचा नारळ पिशवीत टाकला आणि जीपने जव्हार गाठलं. मुख्याध्यापक ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. आता बरेच थकले आहेत. मी नारळ समोर ठेवला आणि उभ्यानेच सांगितलं, "सर, देवदर्शन नव्हतं. तिला पत्ते खेळायचे होते."

"कुणाला? वहिनींना?" त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "अहो, मग चिंचोके घेऊन जा म्हणावं." आणि ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं.

"त्या दुपारी काय खेळल्या हो! माझं सगळं धुऊन नेलं. मी म्हटलं, आता सोडायचं नाही. चपला घातल्या आणि घरून आणखी चिंचोके आणायला गेलो. डबा भरून घेऊन आलो तर तुमचं दार बंद. मला वाटलं, झोपले असतील."

मी खाली बसलो.

"नंतर मी तुम्हाला दोनदा-तीनदा विचारलंसुद्धा," ते म्हणाले, "गुरुजी, वहिनींना आणा खेळायला. तुम्ही म्हणायचात, तिला आवड नाही. मग नाही विचारलं."

तसं म्हटल्याचं मला आठवत होतं. सर वरवर बोलतात, मनात राग ठेवला आहे, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. चोराच्या मनात चांदणं. नारळ त्यांनी परत घेतला नाही. देवीला नसेल तर बोटीला फोडा, म्हणाले.

घरी आलो तेव्हा ती ताटात तांदूळ निवडत होती. मी चपला न काढता दारातच सगळं सांगून टाकलं: सर रागावले नव्हते, चिंचोके आणायला गेले होते, डबा घेऊन परत आले होते.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे म्हणजे?"

"त्यांच्या मिसेसनी दुसऱ्याच दिवशी नळावर सांगितलं. सर बराच वेळ दारात उभे होते म्हणून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "सांगून काय झालं असतं? राग सरांना थोडाच आला होता."

आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. राग नेमका कुणाला आला होता, हे बावीस वर्षांत मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं आणि तिला उत्तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ओसरीवरच्या त्या दोन शिक्षकांच्या हसण्यात सरांबरोबर मीही हरलो होतो, असं काहीतरी मला तेव्हा वाटलं असावं. मी नवा कागद घेतला, तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि अर्ज पुन्हा लिहिला. कारणाच्या जागी लिहिलं, "पत्नीस पत्ते खेळावयास गोवा येथे जावयाचे आहे, सोबत म्हणून."

तिने तो कागद ऑफिसातलं टपाल वाचावं तसा वरपासून खालपर्यंत वाचला. खाली सही राहिली होती, तिथे बोट ठेवलं. मी सही केली.

मग ताट पुढे ओढून ती म्हणाली, "उद्या जव्हारला जाऊन बूट घ्या. नवे असतात, चावतात. चार दिवस घरात घालून बघा."