मिठाच्या पाण्यानं न सुटणारे

प्रयोगशाळेत काचेची भांडी फुटत जातात आणि किस्से साठत जातात. रिसोडच्या कॉलेजात मी आणि राठोड जीवरसायनशास्त्र शिकवायचो. आता दोघंही रिटायर. सांगताना मला शंका येते, नेमकं असंच घडलं होतं ना? तरी सांगतो.

*

पेशीच्या पडद्यातली प्रथिनं काढायला आम्ही बोकडाचं रक्त वापरायचो. मी जन्माचा शाकाहारी. पहिल्यांदा थर्मास घेऊन मटणाच्या दुकानात गेलो.

"अर्धा किलो देऊ का सर?"

"मटण नको. नुसतं रक्त."

दुकानदार सुरा खाली ठेवून हळूच म्हणाला, "सर, घरी सगळं बरं हाय ना?"

*

काही प्रथिनं पडद्याला नुसती बाहेरून चिकटलेली असतात. मिठाच्या पाण्यानं धुतली की सुटतात. काही आरपार रुतलेली. राठोड वर्गात सांगायचा, "पयला एसटीच्या दारात लटकलेला. ब्रेक मारला की खाली! दुसरा खिडकीपाशी बसलेला. त्याले उठवून दाखवा!"

मी घाबरून म्हणायचो, "उपमा पूर्ण बरोबर नाही. परीक्षेत लिहू नका."

सगळ्यांनी तीच लिहिली!

*

रुतलेल्यांना डिटर्जंट लागतो, म्हणजे साबणासारखं द्रव्य. पण फेस झाला की प्रथिनं बिघडतात. एक मुलगी ट्यूब जोरजोरात हलवत होती.

राठोड ओरडला, "अवो बाई, ताक घुसळून राह्यली का?"

"सर, तुमीच तं म्हणले, चांगलं मिसळा!"

*

एकदा प्रथिन सुरेख निघालं. आम्हाला वाटलं, आणखी शुद्ध करू, डिटर्जंटही काढून टाकू. सकाळी तळाशी पांढरा गाळ! पडदा सुटल्यावर त्याला डिटर्जंटचंच पांघरूण होतं, तेही आम्ही ओढून घेतलेलं.

राठोडनं ट्यूब उजेडात धरली. "उघडं पडलं बिचारं."

*

वहिनी गेल्यावर मुलानं राठोडला पुण्याला नेलं, चौदाव्या मजल्यावर. मी त्याला जा म्हणालो होतो की राहा, तेच आठवत नाही. त्याची रुखरुख आहे.

मग मुलाचा फोन आला. "काका, बाबा बोलतच नाहीत. धड जेवतही नाहीत. तुम्ही बोला ना." मी रोज फोन करून काहीबाही सांगायचो. तिकडून नुसतं "हं."

परवा मी स्टँडसमोर चहाला बसलो होतो. आमची दोघांची रोजची जागा. तेवढ्यात त्याचाच फोन आला. मागे मानोऱ्याची गाडी हॉर्न देत होती, शेजारी सोयाबीनच्या भावावरून दोघं भांडत होते.

"थांब, बाहेर येऊन बोलतो. इथं फार गोंधळ आहे."

"नाही, उठू नको! फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेव. अन् तू चूप बस जरा."

मी ठेवला. हॉर्न वाजत राहिला, भांडणही चालूच होतं. चहावाल्यानं सवयीनं विचारलं, "सर, एक का दोन?"

फोनमधून आवाज आला, "दोन. माह्या चहात साखर कमी टाक."